बंब अंगणात होता

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. वक्ते आपल्याच सोसायटीतील ज्येष्ठ सभासद व आयटीआयमधील निवृत्त फिटर निदेशक आहेत. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



दूध अजून आटतंय. सेक्रेटरी मला म्हणाले, "नाना, दूध होईपर्यंत वीस मिनिटं बोला. पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी भरपूर आहेत. पण आज मी एकच सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. कारण आजपासून चौदा दिवसांनी नरक चतुर्दशी आहे. त्या पहाटे आपल्या प्रत्येक घरात उटणं लावून पाठोपाठ चार-चार, पाच-पाच आंघोळी होणार. त्याच्या आत मला तुमच्याशी हे बोलायचं होतं.

तीन वर्षांपूर्वीची भोगी. जानेवारीतली थंडी. त्या दिवसांत वर तोरणमाळला काय गारठा असतो ते तुम्हाला माहीत आहे, आपल्या नंदुरबारातही सकाळी बादलीत हात घालवत नाही. भोगीला डोक्यावरून न्हायचं, म्हणून घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी एकामागून एक चालल्या होत्या. आधी मी, मग मुलगा, मग सूनबाई. चौथी माझी नात, तेव्हा अकरा वर्षांची. बाथरूममध्ये गॅस गिझर, खिडकीच्या काचा थंडीमुळे बंद, दाराला आतून कडी.

पाणी पडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. आमच्या सौ.नी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दार वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. मुलाने खांदा मारून कडी तोडली. पोर फरशीवर पडलेली, नळ चालू, गिझरचा जाळ चालू.

तिला बाहेर ओढलं, पंचा गुंडाळला. कोणी म्हणालं फिट आली, कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल हुंगवा म्हणालं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता, तो बोटाला लावला. आकडा आला अठ्ठ्याण्णव. मी म्हणालो, "ऑक्सिजन चांगला आहे, काळजी नको." हे वाक्य मी म्हणालो, बरं का. सूनबाईंनी माझं ऐकलं नाही, पोरीला उचललं आणि रिक्षात घातलं, म्हणून आज ती इथे आहे. त्या तिकडे, वाट्या मांडताहेत त्या मुलींत.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी लगेच नाका-तोंडावर मास्क लावून जोरात ऑक्सिजन सुरू केला. नंतर मला बाजूला घेऊन समजावलं. हा कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि जागा अडवून बसतो. आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक कळत नाही. तो चिकटलेला विषारी वायूही प्राणवायूच समजून मोजतो. म्हणून अठ्ठ्याण्णव. हे लक्षात ठेवा, आपल्यातल्या बहुतेक घरांत ते यंत्र पडलेलं आहे.

आणखी एक गोष्ट तेव्हा उमगली. त्या हिवाळ्यात पोर शाळेत जाताना चार-पाच वेळा म्हणाली होती, "आजोबा, डोकं दुखतंय, मळमळतंय." आम्ही म्हणायचो, मोबाइल कमी बघ. दुखायचं ते आंघोळीनंतरच, पण तेवढं कोणी जुळवून पाहिलं नाही.

आता चुकीकडे येतो. तो गिझर कोणी बसवला होता? मी. आयुष्यभर पोरांना पाइप कापायला, थ्रेड मारायला, सांधा तपासायला शिकवलं, आणि स्वतःच्या घरात हा प्रताप. गिझरच्या खोक्यात कागद होता. त्यात हवेशीर जागी, बाथरूमच्या बाहेर बसवा असं लिहिलेलं होतं. मी तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. का? पाण्याचा पॉइंट आत होता. बाहेर बसवायचा तर भिंतीला भोक पाडून पाच-सहा फूट पाइप वाढवावा लागला असता, आणि बाल्कनीत तुळस आणि धुण्याचं मशीन होतं. एवढंच कारण.

यात गंमत बघा. आपल्या लहानपणी गरम पाणी कुठे व्हायचं? बंबात. तांब्याचा बंब, मधून वर गेलेली नळी, खाली लाकडं किंवा कोळसा. ती मधली नळी म्हणजे धुरांडंच होतं. आणि बंब असायचा कुठे? अंगणात, परसात, फार तर पडवीत. न्हाणीघरात बंब पेटवून कडी लावून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? आपल्या आज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण जाळ बाहेर ठेवायचा आणि पाणी आत न्यायचं, हे त्यांना माहीत होतं. गिझर म्हणजे बंबच. फक्त धूर दिसत नाही, म्हणून आपण त्याला आत आणलं.

सातपुड्यात अक्कलकुव्याकडे, धडगावकडे कुडाच्या घरात रात्रभर चूल धुमसत असते, मग तिथे असं का होत नाही, असं मला एकाने विचारलं. अहो, कुडाला फटी आहेत, कौलांना फटी आहेत. वारा सारखा खेळतो. धुराने डोळ्यांना, छातीला त्रास होतो तो वेगळा, पण प्राणवायू येत राहतो. आपण मात्र फ्लॅटमध्ये फट दिसली की सिलिकॉन मारतो. तिथली सवय इथे चालत नाही. जानेवारी २०२० मध्ये केरळहून नेपाळला फिरायला गेलेल्या आठ जणांचा तिथल्या दामन गावच्या रिसॉर्टमध्ये असाच मृत्यू झाला. थंडी म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला आणि दारं-खिडक्या बंद करून झोपले. आठांत चार लहान मुलं होती.

आता थोडा हिशेब करू. हा हिशेब मी आधी करायला हवा होता. सहा लिटरचा गिझर जोरात चालला तर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखं. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम गॅस गेला समजा. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते, म्हणजे दीडशे ग्रॅमला पावणेदोन-दोन घनमीटर. आपली बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट. तिच्यात सगळी मिळून हवा साडेपाच घनमीटरच्या आत. एका आंघोळीत तिसरा हिस्सा हवा त्या जाळाने खाल्ली. बाहेरून नवी आली नाही, तर प्राणवायू घसरतो, जाळ अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पहिला माणूस थोडक्यात सुटतो. चौथ्याच्या वाट्याला तिघांचं उरलेलं येतं. भोगीला चौथी माझी नात होती.

तुम्ही म्हणाल, नाना, वास येत नाही का? इथेच फसगत होते. आपल्या गावात हिवाळ्यात पथाऱ्यांवर मिरची वाळते. वारा इकडे फिरला की सगळ्या गल्लीला ठसका लागतो. तिखट आपल्याला सांगून येतं. सिलिंडरच्या गॅसलाही वास असतो, पण तो मुद्दाम घातलेला. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या गॅसचा स्फोट झाला. गॅसला वासच नव्हता, म्हणून कोणाला कळलं नाही. तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास घालण्याची सक्ती झाली. पण हा वास असतो न जळलेल्या गॅसला. जळल्यावर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. माणसाला गुंगी येते, पायातलं बळ जातं, आणि कडीपर्यंत हात जात नाही.

म्हणून दोन धोके वेगळे ओळखा. एक, गॅस गळणं. दुसरा, जाळाला हवा न मिळणं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वह्या आणल्या नसतील तर लक्षात ठेवा, स्मरणिकेत येईलच.

जागा आधी. गिझर बाथरूममध्ये नको. ड्राय बाल्कनी किंवा उघड्या बाल्कनीची भिंत उत्तम. पण ज्यांनी बाल्कनीला चारही बाजूंनी काचा लावल्यात, त्यांची बाल्कनी आता खोलीच झाली. तिथे खाली एक आणि वर एक, अशा जाळीच्या कायम उघड्या खिडक्या हव्यात. बंद करता येते ती खिडकी थंडीत बंद होणारच, म्हणून झडप नको, जाळीच हवी. आणि डक्टमध्ये गिझर टांगू नका. आपल्या डक्टवर काही जणांनी पावसासाठी पत्रे टाकलेत. खालच्याने सोडलेली हवा वरच्याच्या बाथरूमच्या खिडकीतून आत जाते. हा एका घराचा प्रश्न राहत नाही, सोसायटीचा होतो.

एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, असं समजू नका. आत बसवलेल्या गिझरचं धुरांडं असेल, तर पंखा कधी कधी तीच हवा उलटी आत ओढतो. मोठ्या गिझरला धुराची नळी असते. ती धातूचीच हवी, पीव्हीसीची कधीच नाही. गिझरच्या तोंडाची जेवढी गोलाई तेवढीच नळीची, मध्ये बारीक करायची नाही. पंखा नसलेल्या गिझरची नळी आधी सरळ वर जाऊन मग चढत्या उताराने उघड्यावर निघायला हवी. वाकणं कमीत कमी. टोकाला टोपी, म्हणजे पाऊस आणि कबुतरं आत शिरणार नाहीत. वर्षातून एकदा तिथे घरटं झालंय का ते पाहायचं.

आता पाइप. सिलिंडर उभाच ठेवायचा, सावलीत, वारा लागेल असा. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो, मोरीच्या जाळीतून उतरतो. म्हणून सिलिंडर मोरीजवळ नको, आणि हवेची वाट जमिनीलगत हवी. उद्या आपल्याकडे नळाचा गॅस आला, तर तो हवेपेक्षा हलका, वर जातो. त्याची वाट वर लागते, त्याचा दाब वेगळा, जेट वेगळे. आजचा गिझर उद्या त्याला तसाच जोडायचा नाही.

रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. आयएसआय मार्काचीच घ्या, ती नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. तिच्यावर छापलेली तारीख आज घरी जाऊन बघा. रबरी नळी भिंतीतून न्यायची नाही, ओट्यामागे दडवायची नाही. शेगडीच्या नळीला टी लावून गिझरला फाटा काढायचा नाही. हे मी आपल्याच इमारतीत पाहिलंय. लांब न्यायचं असेल तर तांब्याची किंवा जीआय पाइपलाइन, क्लॅम्पने पक्की, विजेच्या वायरीपासून दूर. भिंतीतून जाताना तिला बाहेरून मोठ्या पाइपची बाही द्यायची. आणि गिझरच्या अगोदर हाताला येईल असा बंद करायचा कॉक.

सांधे झाले की आधी हवा भरून दाब धरतो का ते बघायचं. मग गॅस सोडून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर सांधा उघडून पुन्हा. काडी पेटवून बघणारे महाभाग मला भेटलेत. त्यांना हात जोडतो. आणि सिलिंडर लावताना वाल्व्हमधला रबरी वायसर शाबूत आहे का, ते प्रत्येक वेळी पाहायचं.

जाळाचा रंग निळा हवा. पिवळा, लवलवता झाला, झाकणावर काजळी धरली, की वापर बंद आणि मेकॅनिक. स्वतः सुई घालून जेट साफ करू नका, भोक मोठं होतं.

ज्यांना हलवायला दोन-चार दिवस लागणार आहेत, त्यांनी तोवर एवढं करा. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, कॉक बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या, मग आत जा. दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडं ठेवा. मुलांना आतून कडी लावू देऊ नका. पण ही वेळ मारून नेणं झालं, उपाय नव्हे.

आणि कोणी आत पडलंच, तर आधी दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. कांदा-चप्पल करत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, "गॅस गिझर चालू होता." नुसती गळती असेल, वास येत असेल, तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, आणि १९०६ हा गॅस गळतीचा नंबर आहे, तो चोवीस तास लागतो.

तुम्ही विचाराल, मग गॅस गिझर आले तरी का? ज्यांना ते लोडशेडिंगचे दिवस आठवतात त्यांना कारण माहीत आहे. सकाळी लाइट नाही, पोरांची शाळा साडेसातला. तेव्हा मला एकेकाने म्हटलं, "नाना, आमचाही बसवून द्या ना." आणि मी दिले. हौसेने, एक रुपया न घेता. आपल्या छत्तीस फ्लॅटपैकी अकरा फ्लॅटमध्ये माझ्या हाताने बाथरूममध्ये गिझर लागले. तेव्हा तुम्ही मला चहा पाजला, आभार मानले.

भोगीच्या त्या दिवसानंतर मी अकराही घरी गेलो. चूक माझी आहे, बाहेर काढून देतो म्हणालो. आठ घरांनी काढू दिले. तीन घरं राहिली आहेत. नावं घेणार नाही. एकाने सांगितलं, टाइल्स फुटतील. एकाने सांगितलं, पंधरा वर्षांत काही झालं नाही. एकाने सांगितलं, दिवाळीनंतर बघू. तिन्ही कारणं माझ्या ओळखीची आहेत. मीही तीच देत होतो.

या तीन घरांना माझी सगळ्यांसमोर विनंती आहे. उद्या सकाळपासून मी मोकळा आहे. भोक मी पाडीन, पाइप मी ओढीन. फुटलेल्या टाइलचा खर्च मी देईन. ज्यांना गॅस नकोच, त्यांनी विजेचा घ्या, किंवा गच्चीवर सौरबंब बसवा. ऊन आपल्याकडे देवाने हातचं न राखता दिलंय. कमिटीला एवढंच सांगणं आहे की येत्या सभेत एक ठराव करा. यापुढे आपल्या इमारतीत बाथरूममध्ये किंवा डक्टमध्ये गॅस गिझर लागणार नाही, आणि भाडेकरू ठेवताना मालकाने ते तपासून द्यायचं. भाडेकरू बिचारा आहे तेच वापरतो.

पंचवीस वर्षांत आपण बोअरवेल केली, रंग दिला, गेटवर दिवे लावले. ही सगळी दिसणारी कामं. हे काम दिसणार नाही. झालं तर काहीच घडणार नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

आजच्या रात्री लक्ष्मी येते आणि विचारते, कोण जागं आहे, असं आपण मानतो. मी त्या भोगीला जागा नव्हतो. तुम्ही राहा.

दुधाला उकळी आली वाटतं. माझं बोलणं संपवतो.

ता. क. : हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून देताना दोन ओळी जोडतो. तीनपैकी दोन घरचे गिझर धनत्रयोदशीच्या आत बाल्कनीत आले. तिसऱ्या घरी विजेचा गिझर बसला. जुना गॅसचा त्यांनी मला भंगारात द्यायला सांगितला. तो मी भंगारात दिला नाही. खोलून ठेवला आहे, सुट्टीत मुलांना जाळ, जेट आणि हवा म्हणजे काय ते दाखवायला. पहिली विद्यार्थिनी घरचीच आहे.